बोस्सानमावशीचे खड्डे

आकगुईच्या बायका म्हणत, बोस्सानला नवऱ्याची वाट पाहायला घर पुरेना, म्हणून ती वाळवंटात खड्डे खणून त्यांत बसते. पुरुष असे उघड बोलत नसत. मेंढरे पाणवठ्यावर आली की एखादा दुसऱ्याला सांगे, पूर्वेच्या वाटेने जपून जा, बोस्सानच्या खड्ड्यात उंट पाय मोडून घेईल. हे खरे नव्हते. माझ्या मावशीने खणलेला एकही खड्डा कधी उघडा राहिला नाही.

शेजारच्या तावुसकाकूचे म्हणणे सर्वांत लांबलचक असे. भाकर भाजायच्या मातीच्या भट्टीपाशी, चोरेक आत थापता थापता, ती माझ्या आईला ऐकवी, "हरवलेली उंटीणसुद्धा माणूस तीन वर्षं शोधतो, मग सोडून देतो. हिनं काय लावलंय? आणि समजवायला जावं तर अंगावर येते. चार वर्षं सासऱ्यापुढं रुमाल चावून मुकी होती ना, ते सगळं साठलेलं आता आमच्यावर काढते."

शेवटचे वाक्य काकू थट्टेने बोले. परंतु मावशीविषयी आकगुईत जे काही बोलले गेले, त्यात सत्याच्या सर्वांत जवळ तेच होते.

आमच्याकडे नवी सून सासऱ्यासमोर डोक्यावरच्या रुमालाचे टोक दातांत धरते. ते टोक दातांत आहे तोवर ती बोलत नाही. एक-दोन मुले झाली, वय वाढले, की सासूच एखाद्या दिवशी ते सोडवते. सासू नसेल, तर सून सासऱ्याच्या मरणापर्यंतही मुकी राहू शकते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. काही विचारायचेच झाले, तर घरातल्या लहान मुलाच्या तोंडून विचारायचे. मावशीला सासू नव्हती. सासरा नेपेसआगा, नवरा चारीयार, आणि एकोणीस महिन्यांचा एसेन, एवढीच माणसे त्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत राहत.

१९४२ च्या वसंतात सामुदायिक शेताचे कळप पूर्वेच्या विहिरींकडे निघाले, त्यांच्याबरोबर गोवरही निघाला. आकगुईपासून दोन दिवसांच्या वाटेवर एसेन गेला. मावशीने त्याला न्हाऊ घातले, पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि तंबूच्या दारातून चारीयारच्या हातांत दिले. दफनाला बायका जात नाहीत. चारीयार आणि सासरा समोरच्या वाळूच्या डोंगरीकडे चालत गेले. डोंगरीवर साक्सौलची झुडपे दाट होती. त्यांतून ते दोघे माथ्यावर दिसले आणि पलीकडे उतरले. चहाची किटली दोनदा उकळेल एवढा वेळ गेला आणि ते परत आले. सासऱ्याच्या खांद्यावर फावडे होते. चारीयारचे हात रिकामे होते.

उंटावर सामान बांधताना तो तिच्या अंगावरून जाता जाता हलकेच म्हणाला, "खोल खणलंय. कोल्हा येणार नाही."

एसेनच्या मातीविषयी मावशीला आयुष्यात मिळालेली माहिती एवढीच. अधिक विचारायला एकांत हवा होता आणि एका तंबूत तो मिळत नव्हता. ती दम धरून राहिली. विसाव्या दिवशी आकगुईला परतल्यावर बोलावण्याचा कागद आला आणि चारीयार इतर अकरा जणांबरोबर लढाईला गेला. शिबिरातून त्याचे एक पत्र आले, दुसऱ्याच कोणाच्या हाताने लिहिलेले. काळी मेंढी विकू नका, वडिलांच्या छातीला चरबी चोळा, असे त्यात होते. मावशीने शाळामास्तरांकडून उत्तर लिहून घेतले. त्यात एकच प्रश्न होता. डोंगरीच्या पलीकडे, पण कुठल्या अंगाला? त्या पत्राला उत्तर आले नाही. चारीयारही आला नाही, आणि तो गेल्याचा कागदही आला नाही.

ती जागा ठाऊक असलेला दुसरा माणूस त्याच तंबूत बसत होता. पुढची दोन वर्षे मावशी त्याच्यापुढे चहा ठेवत होती, त्याचे बूट वाळवत होती, त्याची छाती शेकत होती आणि दातांतले टोक सुटत नव्हते. नेपेसआगालाही बोलता येत नव्हते. लेकरू गमावलेल्या आईपुढे त्या लेकराचे नाव काढू नये, हे त्याच्या वयाच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नसे. प्रश्न पोहोचवायला घरात लहान मूल लागते. त्या घरातले लहान मूल गेले होते.

म्हाताऱ्याच्या अखेरच्या सकाळी तिने दातांतले टोक सोडले. लग्नानंतर चार वर्षांनी ती सासऱ्याशी पहिल्यांदा बोलली. तिने विचारले, "बाबा, एसेन कुठं आहे?"

त्याची वाचा आदल्याच दिवशी गेली होती. त्याने हात उचलला आणि दाराकडे बोट केले. दाराबाहेर सगळे काराकुमचे वाळवंट होते.

माझी आई सांगे, की त्या दिवसानंतर बोस्सानने कोणतीही गोष्ट पोटात ठेवली नाही. मनात आले की बोलून टाकले. समोर शेताचा अध्यक्ष असो, मुल्ला असो, नाहीतर नवी नवरी. लोकांनी तिला तोंडाळ ठरवले. तिने ते मनाला लावून घेतले नाही.

सासऱ्याचा चाळिसावा दिवस झाला आणि ती एकटी पूर्वेच्या वाटेने गेली. तंबूची जागा सापडली. चुलीचे तीन दगड तसेच होते. डोंगरी मात्र ओळखू येईना. युद्धाच्या वर्षांत सरपणासाठी तिच्यावरचा साक्सौल मुळापासून तोडून नेला होता आणि उघडी पडलेली वाळू वाऱ्याबरोबर चालू लागली होती. पुढे तेरा वर्षे, दर वसंतात, मावशी तिथे जाऊन येत राहिली. फिरायची, बसायची, परत यायची. खणत नव्हती. काय शोधायचे, हेच तिला माहीत नव्हते.

१९५७ साली अश्गाबादहून मातीची पाहणी करणारी तुकडी आकगुईत आली. तिची प्रमुख रिम्मा अर्शाकोव्ना, आर्मेनियन, चाळिशीच्या घरातली, सिगारेट ओढणारी आणि आमची तुर्कमेन भाषा शहरी वळणाने, पण चूक न करता बोलणारी. तिला स्वयंपाकीण हवी होती. मावशी जाऊन उभी राहिली.

"खणायला कोण आहे?" मावशीने विचारले.

"दोन माणसं घेतली आहेत."

"त्यातला गारली दुपारपर्यंत झोपतो. दुसरा त्याला उठवत बसतो. मी रांधीन पण आणि खणीन पण."

"खड्डा माणसाच्या छातीइतका खोल असतो."

"मी खोलीचं विचारलं नाही, बाई."

रिम्माबाईने तिला घेतले. पुढे पुष्कळ वर्षांनी, मी त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला लागल्यावर, त्यांनी मला सांगितले की पहिल्या दिवशीच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बोस्सान फावडे कोणाच्या हातात देत नसे. ते जमिनीवर ठेवी, आणि दुसऱ्याने ते जमिनीवरूनच उचलावे अशी तिची अपेक्षा असे. ही रीत आमच्याकडे फक्त दफनाच्या वेळी पाळतात. बाईंनी कारण विचारले नाही.

पाहणीचा खड्डा दोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा कमी रुंद असतो. एका टोकाला उतरायला पायऱ्या, समोरची भिंत उभी आणि ती अशी धरायची की वाचताना तिच्यावर ऊन पडावे. पहिला खड्डा झाला तेव्हा बाई आत उतरल्या, सुरीने भिंत खरवडून स्वच्छ केली आणि लिहू लागल्या. मावशी काठावर उकिडवी बसून पाहत होती. सगळ्यात वर करड्या रंगाची पातळ खपली, नखाने उचलली तर मोडणारी. तिच्याखाली वीतभर इलाक गवताच्या मुळांचे जाळे, त्यात अडकलेली किंचित मळकट वाळू. त्याखाली पिवळट, जरा घट्ट थर. आणि हातभर खोलीवर चुन्याचे पांढरे ठिपके, कोणी पीठ शिंपडावे तसे. बाईंनी बाटलीतून आम्लाचा थेंब टाकला. ठिपक्यांवर फेस आला.

"एवढं काय लिहिता?" मावशी म्हणाली. "वाळूच तर आहे."

"ही वाळू नाही. ही वालुकामय वाळवंटी मृदा आहे. बघ, हिच्यात थर आहेत. वारा जिला हलवत राहतो ती वाळू. जी एका जागी राहिली, जिच्यावर गवत उगवलं, मेलं, पुन्हा उगवलं, ती माती. गरीब माती, शंभरात अर्धा भागसुद्धा कस नाही हिच्यात. पण माती."

मावशी बराच वेळ त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "हे थर एकदा खणून मोडले, आणि वरून परत बुजवलं, तर ते परत जुळतात?"

"वरची खपली येते. पंधरा-वीस वर्षांत येईल. मुळंही पसरतात."

"आणि हे पांढरं?"

"ते तुझ्या-माझ्या हयातीत नाही. शेकडो वर्षं लागतात. बुजवलेल्या जागी ते वरखाली विखुरलेलं दिसतं."

"आणि माती नसून नुसती वाळू असली तर?"

"तर काहीच दिसत नाही. तिला थरच नसतात."

मावशी खड्ड्यात उतरली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. बाईंना वाटले ऊन लागले. त्यांनी पाणी पुढे केले. तेव्हा मावशीने त्यांना एसेनविषयी सांगितले. आकगुईत कोणाला तिने ते असे सलग सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्यात बाईंची सुरी फिरून झाली की मावशी विचारी, "बाई, माती की वाळू?" बाई एका शब्दात उत्तर देत. माती म्हटल्यावर ती मान हलवून फावडे उचली. वाळू म्हटल्यावरही तेच करी, फक्त त्या दिवशी जेवत नसे. खड्डा बुजवताना क्रम चुकू देत नसे, तळाचे तळाला, मुळांचे वर आणि खपलीचे तुकडे अगदी शेवटी. गारली एकदा घाईने वरचे खाली लोटू लागला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुझ्या आईला असंच पुरशील का रे?" तो त्यानंतर दुपारपर्यंत झोपेनासा झाला.

दर हंगामाच्या शेवटी बाई दोन दिवस अधिकचे काढत आणि तिच्याबरोबर त्या डोंगरीपाशी जात. ते पाहणीच्या आराखड्यात नव्हते. एकदा मावशीने विचारले, तुम्ही हे का करता. बाईंनी सांगितले, अठ्ठेचाळीसच्या अश्गाबादच्या भूकंपात त्यांची आई आणि दोन भाऊ गेले, सगळ्या शहराबरोबर एका लांब चरात पुरले गेले.

"खूण आहे?"

"रांग माहीत आहे."

"मग तुमचं बरं आहे," मावशी म्हणाली. बाई मला म्हणाल्या, सांत्वनाला आलेल्या सगळ्या माणसांत एवढे खरे कोणीच बोलले नव्हते.

१९६१ च्या शरदात तुकडी परतल्यावर मावशी एकटीच तिथे गेली, आणि चौथ्या दिवशी आली ती चालण्यावरूनच वेगळी वाटत होती. डोंगरीच्या पलीकडच्या पायथ्याशी तिने अरुंद चर खणला होता आणि त्यात थर मोडलेले दिसले होते. चुन्याचे ठिपके वरपासून खालपर्यंत विखुरलेले होते. तिने तिथेच हात थांबवला, चर बुजवला आणि काठीला पांढरे कापड बांधून आली. थडगे उघडायचे नसते. जेवढे दिसले तेवढे तिला पुष्कळ होते.

तिने सदका, म्हणजे मेलेल्याच्या नावाने गावजेवण, घातला. गोठ्यातला एकुलता एक मेंढा कापला, परातभर पिश्मे, कणकेचे तुकडे, तळले. सगळे आकगुई जेवायला आले. मुल्लाने दुवा मागितली. एसेनचे नाव एकोणीस वर्षांनी माणसांत मोठ्याने उच्चारले गेले. सर्वांत जास्त तावुसकाकू रडली. तिला दोघींनी धरून घरी न्यावे लागले. मावशी रडली नाही. ती पाहुण्यांच्या वाट्या भरत होती. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ती एकवीस वर्षांची दिसत होती.

पुढच्या वर्षी तुकडी दुसऱ्या जिल्ह्यात होती. १९६३ च्या वसंतात बाई आल्या, तेव्हा मावशी त्यांना मोठ्या अभिमानाने ती जागा दाखवायला घेऊन गेली. बुजवलेली जमीन वर्षानुवर्षे खचते. तिथे एक उथळ चौकोन खचलेला होता. बाईंनी तो पाहिला. दोन दिवस त्यांनी त्याचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांनी विचारले, "बोस्सान, चारीयारने त्याला कुठल्या दिशेला तोंड करून ठेवलं असेल?"

"किब्ल्याला, मक्केकडं. दुसरीकडे कुठं ठेवतात?"

"इथून किब्ला नैऋत्येला आहे. म्हणजे कुशीवर झोपलेल्या माणसाचं अंग वायव्येकडून आग्नेयेकडे येईल."

मावशीने वाटी खाली ठेवली.

"ते खचलेलं उत्तर-दक्षिण आहे," बाई म्हणाल्या. "आणि दोन मीटर लांब."

मावशीने सहा हंगामांत शेकडो खड्डे खणले होते. भिंतीवर ऊन पडावे म्हणून ते कसे धरायचे, हे तिला झोपेतही सांगता आले असते. तिने विचारले, "आपला आहे?"

"आपला नाही. आमच्या आधीच्या लोकांचा. तीसच्या सुमाराला या भागातून एक तुकडी गेली होती."

ती उठली, फावडे घेऊन एकटीच गेली आणि तिने चौकोनाच्या दक्षिणेच्या टोकाला खणले. वाळूत दबलेल्या पायऱ्या लागल्या. तळाशी नमुन्याच्या पिशवीची चिंधी लागली. तिच्यावर शाईने आकडा होता. ती चिंधी तिने रुमालाच्या गाठीत बांधली.

आकगुईला आल्यावर ही गोष्ट लपवता आली असती. बाईंनी तसे सुचवलेही. पण मावशी सरळ विहिरीवर गेली. तिथे पंधरावीस माणसे होती.

"तुम्ही ज्याच्यासाठी हात पसरलेत तो रशियनांचा खड्डा होता," तिने सांगितले. "मांस पचलं असेल, ते काही परत मागत नाही."

लोक हसू लागले आणि मग कित्येक वर्षे हसतच राहिले. पाहणीच्या मोटारी दिसल्या की कोणी तरी म्हणे, मेंढा काढा, खड्ड्याचा सदका आला. तावुसकाकू मात्र हसली नाही, ती चिडली. "भोकासाठी डोळे सुजवून घेतले मी," ती आईला म्हणाली. "एका भोकासाठी. पुन्हा मला बोलवू नकोस म्हणावं."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी आईने मला मावशीकडे दूध घेऊन पाठवले आणि मागोमाग स्वतःच आली. मावशी लोकर पिंजत बसली होती. हात चालू होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, आवाज न करता, जणू ते दुसऱ्याच कोणाचे डोळे होते.

"अठरा महिने मी त्याच्याशी बोलले," ती म्हणाली. "जाईन तेव्हा दिवसभर बसायचे. त्याचा बाप कसा होता ते सांगितलं. आजोबांना का विचारलं नाही ते सांगितलं. म्हटलं, रागावू नको, मला तोंड उघडायची मुभा नव्हती. सगळं सांगून झालं, ताई. आणि तिथं कुणीच नव्हतं."

आई तिच्याजवळ बसली आणि लोकर पिंजू लागली. मी दूध ठेवून बाहेर आले.

त्यानंतर दोन वर्षे मावशी डोंगरीकडे फिरकली नाही. तुकडीबरोबर मात्र जात राहिली. ‘माती की वाळू’ हा प्रश्न तिने विचारायचे सोडले. पुढे बाईंनीच तो विषय काढला. त्यांनी वाऱ्याच्या नोंदी पाहिल्या होत्या. साक्सौल तुटल्यापासून डोंगरीचा माथा सरकत गेला होता. बेचाळीस सालचा माथा आजच्या माथ्यावर नव्हता आणि पलीकडचा उतार आता कुठे तरी नव्या वाळूखाली होता. वरच्या वाळूत काही सापडणार नाही, खालची जुनी जमीन शोधायला हवी. तिथे माती असेल, तर ती गाडलेली असली तरी माती आहे.

"आणि नसली तर?" मावशीने विचारले.

"तर मी पुन्हा तुला इथे यायला सांगणार नाही."

चार हंगाम गाडलेला उतार मापण्यात गेले. १९६९ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी महाविद्यालयाच्या अभ्यासाचा भाग म्हणून तुकडीबरोबर होते. बाई सांगतील ते लिहून घ्यायचे हे माझे काम होते. आम्ही एका ओळीत खड्डे घेतले. प्रत्येकात वर गुडघाभर पिवळी, सैल, थर नसलेली वाळू, आणि तिच्याखाली एकदम ती करडी रेघ, मेलेल्या इलाकच्या मुळांची, सत्तावीस वर्षांपूर्वीची जमीन. पहिल्या खड्ड्यात ती रेघ दिसली तेव्हा मावशीने तिला हाताने स्पर्श केला.

सातव्या खड्ड्यात रेघ डावीकडून नीट आली आणि तुटली. तिच्याखालचे चुन्याचे ठिपकेही तिथेच तुटले. पुढे एका हाताच्या रुंदीत सगळे मिसळलेले होते, करडे, पिवळे, पांढरे, आणि मग रेघ पुन्हा सुरू झाली, जणू मधे काही झालेच नाही.

मावशीने सुरी मागितली नाही. भिंतीवर कोपर टेकवून तिने माप घेतले. कोपरापासून बोटांपर्यंत, वर चार बोटे. मग ती वर चढली आणि त्या जागेच्या मागची सैल वाळू हातांनी बाजूला सारू लागली. बाई आणि मीही बसलो. जुन्या जमिनीवर मिसळलेल्या मातीचा एक लहान लांबट आकार उघडा झाला. एसेन मावशीच्या कमरेएवढाही नव्हता. आकार तेवढाच होता.

बाईंनी होकायंत्र काढले. मावशी सूर्याकडे पाहून म्हणाली, "नका काढू. वायव्य ते आग्नेय आहे."

बाईंनी तरी पाहिले, आणि मान हलवली. मग त्या सावकाश, प्रयोगशाळेत बोलाव्या तशा बोलल्या, "इथे खणलं होतं, लहान खणलं होतं आणि किब्ल्याकडे तोंड येईल असं खणलं होतं. एवढं माती सांगते. कुणी खणलं, कुणासाठी, ते ती सांगत नाही. मलाही सांगता येणार नाही, बोस्सान."

मी एकोणीस वर्षांची होते आणि नुकतेच शिकत होते. मी म्हणाले, "मावशी, आणखी हातभर खाली गेलं तर नक्की कळेल."

"तू जा, पाणी आण," मावशी म्हणाली.

मी पाणी घेऊन आले तेव्हा खड्डा अर्धा बुजला होता. दोघी बुजवत होत्या, तळाचे तळाला. फावडे एकच होते. एकीने जमिनीवर ठेवायचे, दुसरीने उचलायचे. बाईंनी मला त्या दिवशीची नोंद सांगितली. वालुकामय वाळवंटी मृदा, वाऱ्याने आणलेल्या वाळूखाली गाडलेली, थर सुस्पष्ट. एवढे सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, सातवा लिहू नकोस. ती वही आजही आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. सहानंतर आठ येतो. नवीन लोक विचारतात, तेव्हा मी लेखनातली चूक म्हणून सांगते.

शरदात मावशीने पुन्हा सदका घातला. मेंढा आईने दिला. आदल्या दिवशी मी घरोघर सांगून आले. लोक तोंडावर नाही म्हणाले नाहीत. विहिरीवर कोणी तरी म्हणाले, यंदा कुठल्या देशाचा खड्डा आहे ते आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी चादरी अंथरल्या, मटणाचा चोरबा शिजला, चहा झाला. दुपारपर्यंत मुल्ला आला, मेंढपाळांपैकी तिघे आले, गारली आला. उरलेल्या वाट्या पालथ्याच राहिल्या. मावशी त्यांच्याकडे पाहत नव्हती. परात झाकून ठेवत ती आईला म्हणाली, "गार होईल म्हणून झाकलीय. कुणी येईल म्हणून नाही."

मुल्ला उठायच्या बेतात होता तेव्हा तावुसकाकू आली. स्वतःचे पिश्मे घेऊन आली होती. ती मावशीशेजारी बसली, हात पसरून दुवेत सामील झाली आणि मग बराच वेळ फडक्याची गाठ सोडत राहिली. गाठ सुटलेली होती.

"बोस्सान, मी भांडायला आलेली नाही," ती म्हणाली. "एक विचारायचंय."

"विचार."

"तुझ्या त्या बाईनं सांगितलं, कुणाचं आहे ते कळत नाही. खरं ना?"

"खरं."

"त्या साली गोवरानं त्या वाटेवर सात पोरं गेली. एकट्या तुझंच गेलं नाही." काकूने पिश्म्याचा एक तुकडा मोडला आणि तो खाल्ला नाही. "माझी आयना तिथंच कुठंतरी आहे. त्याच आठवड्यात. दीड वर्षाची होती. तिच्या बापानं नेली, आणि कुठं ते मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. विचारून काय करायचं, असं म्हणायची मी." तिचा आवाज खाली आला. "तू ज्याच्यापाशी बसून येतेस, ती माझी असली तर?"

आई चहा ओतता ओतता थांबली. आता मावशी काकूचा हात धरील, असे मला वाटले. तिने हात धरला नाही. तिने काकूकडे पाहिले, आणि तिच्यापुढची पालथी वाटी सरळ करून तिच्यात चहा भरला.

"असेल तुझी," मावशी म्हणाली. "तू तिथं गेली नाहीस. मी गेले."